विश्लेषण : दररोज स्वतःचा एक फोटो कशासाठी? साध्या दिवसांची ही नोंद कशी ठेवतात?

घरातले माणूस गेले, की पहिल्या काही तासांतच एक शोधाशोध सुरू होते. वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायची असते, चौकात श्रद्धांजलीचा फलक लावायचा असतो, बाराव्याला हार घालायला तसबीर हवी असते. आणि नेमका फोटो सापडत नाही. कपाटातला अल्बम, भाच्याचा फोन, आधार कार्ड असे सगळे धुंडाळून झाल्यावर कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढला जातो. खांद्याशी दुसऱ्या कोणाचा हात तसाच राहतो. जिने आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळले, ती आई त्या फोटोत नवी साडी नेसून, अवघडून उभी असते. घरातल्यांना आठवते ती आई मात्र अशी नसतेच.

आज जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत. लग्न, बारसे, गणपती, सहल, हॉटेलातले ताट सगळे काही आहे. नाही तो मंगळवारचा साधा दिवस. चहा उतू गेलेला, एसटी चुकलेली, दुपारी लाइट गेलेली असा. जगभरातील काही लोक अनेक वर्षांपासून नेमका हाच दिवस टिपत आहेत, तोही स्वतःच्या रोजच्या एका फोटोतून. ‘डेली सेल्फ पोर्ट्रेट’ किंवा ‘प्रोजेक्ट ३६५’ या नावाने ओळखली जाणारी ही सवय नेमकी काय आहे, तिच्यातून काय हाती लागते आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तिला वेगळा अर्थ का आहे, याचा आढावा.

हा प्रकार नेमका काय आहे?

नियम एकच. दिवसातून एकदा स्वतःचा एक फोटो काढायचा आणि तो तारखेनिशी जपून ठेवायचा. वर्षभर केले तर ३६५ फोटो होतात. काही जण रोज तीच जागा, तोच कोन, तोच निर्विकार चेहरा ठेवतात. त्यात बदलतो फक्त माणूस. दुसरे काही जण चेहऱ्याबरोबर दिवसही टिपतात. आज पावसात भिजलो, आज दात काढला, आज मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली. पहिल्या प्रकारात वय दिसते, दुसऱ्या प्रकारात आयुष्य दिसते.

चेहराच असला पाहिजे, असाही आग्रह नाही. पिठाने माखलेले हात, चिखलातली चप्पल, भिंतीवर पडलेली स्वतःची सावली, तांब्याच्या हंड्यात उमटलेले वेडेवाकडे प्रतिबिंब हेही स्वचित्रच. ‘आज मी इथे होतो’ एवढे त्यातून कळले, की पुरे.

मग सेल्फीपेक्षा यात वेगळे काय?

सेल्फी बहुधा दुसऱ्यांना दाखवण्यासाठी काढतात. म्हणून दहा काढून एक ठेवतात, त्यावर फिल्टर लावतात आणि ठिकाण चांगले असेल तरच कॅमेरा वर जातो. ‘सेल्फी’ हा शब्द ऑक्सफर्ड शब्दकोशाने २०१३ मध्ये वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तेव्हा ही लाट टिपेला जात होती.

रोजच्या स्वचित्रात निवडीला फारशी जागा नसते. दिवस चांगला असो की वाईट, फोटो काढायचाच. ताप आलेल्या दिवशीही आणि भांडण झालेल्या दिवशीही. त्यामुळे या संग्रहात आपण बरे दिसतोच असे नाही, पण आपण खरे दिसतो. बहुतेक लोक हे फोटो कोणाला दाखवतही नाहीत. लाइक मोजायचे नसले, की चेहरा आपोआप सैल होतो.

हीच गरज ओळखून फ्रान्समध्ये २०२० मध्ये ‘बीरिअल’ हे अॅप निघाले. दिवसातून एकदा, कोणत्याही वेळी सूचना येते आणि दोन मिनिटांत समोरचा व मागचा असे दोन्ही कॅमेरे वापरून फोटो काढायचा असतो. २०२२ मध्ये तरुणांत त्याची मोठी चर्चा होती. नटूनथटून बसायला वेळ मिळू नये, हीच त्यामागची कल्पना.

याची सुरुवात कोणी केली?

माणसाने कॅमेऱ्याने स्वतःला टिपण्याची गोष्ट छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलिअस यांनी १८३९ मध्ये स्वतःचे छायाचित्र घेतले. ते जगातील सर्वांत जुन्या छायाचित्र-स्वचित्रांपैकी एक मानले जाते. पण रोज एक, न चुकता, ही शिस्त बरीच नंतरची आहे.

तैवानमध्ये जन्मलेले कलावंत तेहचिंग शिये यांनी न्यूयॉर्कमध्ये ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर एक विलक्षण प्रयोग केला. कारखान्यात कामगार हजेरीसाठी जसे कार्ड पंच करतात, तसे यंत्र त्यांनी खोलीत बसवले आणि दर तासाला, रात्रंदिवस, कार्ड पंच केले. प्रत्येक वेळी चित्रफितीच्या एका चौकटीत स्वतःला टिपले. सुरुवातीला डोक्याचे मुंडण केले होते, त्यामुळे वाढत जाणारे केसच काळ सांगू लागले. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी त्यांचे १३३ तास चुकले, बहुतेक वेळा झोप लागल्यामुळे. एक दिवस म्हणजे जवळपास एक सेकंद, या हिशेबाने ते वर्ष आज सहा मिनिटांत पाहता येते.

अमेरिकेतील बोस्टन कॉलेजात छायाचित्रण शिकवणारे कार्ल बेडन यांनी २३ फेब्रुवारी १९८७ रोजी स्वतःचा पहिला फोटो काढला. तोच कॅमेरा, तसाच प्रकाश, तसाच भावहीन चेहरा, कृष्णधवल. दशके उलटली तरी ते थांबले नाहीत. या प्रकारातला सर्वांत चिकाटीचा उपक्रम म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

सर्वसामान्यांपर्यंत ही कल्पना पोहोचली ती यूट्यूबमुळे. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार नोआ कालिना १९ वर्षांचा असताना, ११ जानेवारी २००० पासून रोज स्वतःचा फोटो काढू लागला. ऑगस्ट २००६ मध्ये त्याने सुमारे सहा वर्षांचे फोटो सलग जोडून व्हिडीओ टाकला आणि तो जगभर पाहिला गेला. त्याच सुमारास आरी ली या कलावंत स्त्रीचा, २००१ पासून काढलेल्या रोजच्या फोटोंचा व्हिडीओही गाजत होता. कालिनाने पुढे २०२० मध्ये वीस वर्षांचा व्हिडीओ प्रसिद्ध केला. त्यात मागच्या खोल्या बदलतात, केस बदलतात, डोळ्यांखाली सुरकुत्या येतात आणि नजर मात्र तीच राहते.

फक्त चेहराच महत्त्वाचा का?

नाही. या संदर्भात जेमी लिव्हिंग्स्टन यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. न्यूयॉर्कच्या या तरुणाने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड फोटो काढला. दिवसाला एकच, पुन्हा काढायचा नाही. कधी स्वतःचा, कधी मित्रांचा, कधी समोरच्या ताटाचा, तर कधी चालू टीव्हीचा. अठरा वर्षांत असे सुमारे ६,७०० फोटो जमले.

शेवटच्या काळातल्या फोटोंत हळूहळू रुग्णालय दिसू लागते. डोक्यावर शस्त्रक्रियेची खूण दिसते. त्यातच लग्नाचे फोटोही येतात. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या ४१ व्या वाढदिवशी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि मालिका तिथे थांबली. मित्रांनी ते सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून २००७ मध्ये प्रदर्शन भरवले. त्यातला एकेक फोटो सुटा पाहिला तर त्यात विशेष काही नाही. सलग पाहिले, की एक अख्खे आयुष्य समोरून जाते.

आपल्याकडे अशी परंपरा आहे का?

मराठीत ‘रोजनिशी’ हा शब्द जुना आहे. पेशवे दफ्तरातल्या रोजनिशांत दिवसवार नोंदी आहेत. त्यातले उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले आणि ते नऊ खंडांत प्रसिद्ध झाले. इनाम, वसुली, तंटे, धर्मादाय अशा रुक्ष नोंदी लिहिणाऱ्या कारकुनांना आपण इतिहास लिहितो आहोत, असे वाटले नसणार. आज अठराव्या शतकातला महाराष्ट्र समजून घ्यायला अभ्यासक त्याच नोंदी चाळतात.

चित्रकार प्रभाकर बरवे हे कोकणातले, अलिबागजवळच्या नागावचे. घड्याळ, पान, कात्री, शिंपला अशा साध्या वस्तूंना त्यांनी चित्रात जागा दिली आणि त्याचबरोबर डायऱ्याही लिहिल्या. रोजच्या पाहण्यातून सुचलेले विचार आणि रेखाटने त्यांत आहेत. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा या डायऱ्यांकडे नव्याने लक्ष गेले.

छायाचित्रांत पाहायचे तर चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंह शेरगिल यांचे नाव घ्यावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे अनेक दशके ते स्वतःचे फोटो काढत राहिले. कधी योगासनात, कधी टेबलाशी वाचत, कधी कुटुंबासोबत. रोज एक असा नियम त्यांचा नव्हता, पण एकाच माणसाने स्वतःला इतका दीर्घ काळ न्याहाळण्याचे हे भारतातले फार जुने उदाहरण आहे. मुंबईत तर कॅमेरा फार लवकर आला. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ ची.

अलीकडच्या काळात सामान्यांचे सामान्य जगणे जपण्याचे दोन महत्त्वाचे उपक्रम मुंबईतूनच सुरू झाले. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये घराघरांतले जुने फोटो त्यांच्या कहाण्यांसह ठेवले जातात. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये उभारलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतले चेहरे जमवले जात आहेत. यात नेते नाहीत, नट नाहीत. शेतमजूर, मासळी विकणाऱ्या बाया, शाळकरी मुले आहेत.

साध्या क्षणांचे मोल नंतरच का कळते?

याचे उत्तर एका प्रसिद्ध अभ्यासात मिळते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टिंग झांग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना त्या दिवसांतल्या साध्या गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या. नुकतेच झालेले एखादे संभाषण, ऐकलेली गाणी, मित्रांतला एखादा विनोद. तीन महिन्यांनी हे वाचायला किती आवडेल, याचा अंदाजही विचारला. प्रत्यक्षात तीन महिन्यांनी त्यांना अंदाजापेक्षा कितीतरी जास्त उत्सुकता वाटली.

याच अभ्यासातला आणखी एक भाग रंजक आहे. जोडप्यांना व्हॅलेंटाइन डे आणि एक साधा दिवस अशा दोन दिवसांच्या नोंदी करायला लावल्या. विशेष दिवस पुढे आठवायला आवडेल, हे लोकांना आधीच माहीत होते. साध्या दिवसाच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज जास्त चुकला. कारण सरळ आहे. विशेष दिवस लक्षात राहतोच. साधा दिवस आपण गृहीत धरतो, म्हणून तो लगेच पुसला जातो आणि म्हणूनच पुन्हा सापडला, की नवा वाटतो.

रत्नागिरीकरांना याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. जिल्ह्यातील सड्यांवर पसरलेली कातळशिल्पे आता जगाला माहीत झाली आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ यांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. कशेळीचा हत्ती तर कित्येक मीटर लांबीचा आहे. या कातळांवर माणसांच्या आकृत्या आहेत, मासे आहेत आणि आज कोकणात कुठेही नसलेला गेंडाही आहे. कोरणाऱ्याने जे पाहिले, ते कोरले. ते आज अभ्यासकांसाठी अमोल झाले आहे. आपल्या अंगणातली आजची कोणती गोष्ट पन्नास वर्षांनी दिसेनाशी होईल, हे आज आपल्यालाही सांगता येणार नाही.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात याचा वेगळा अर्थ काय?

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार ६९ होती. २००१ च्या तुलनेत ती सुमारे ४.८ टक्क्यांनी घटली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा रिता होत होता. दर हजार पुरुषांमागे इथे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्यात हे प्रमाण सर्वाधिक. या आकड्यांमागे मुंबईला गेलेला चाकरमानी आहे आणि गावातल्या घरात मागे राहिलेली आई, बायको, म्हातारी सासू आहे.

म्हणजे इथल्या असंख्य कुटुंबांत माणसे एकमेकांना रोज पाहत नाहीत. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात भेट होते. दोन भेटींच्या मधले आठ-दहा महिने फोनवरच्या ‘बरी आहे’ या दोन शब्दांत संपतात. आवाजावरून माणूस बारीक झाले आहे का, हात सुजला आहे का, घरात एकटे बसून असते का, हे कळत नाही. गणपतीला घरी आलेला मुलगा आईकडे पाहून चपापतो, ‘अगं, केवढी थकलीस तू!’ ती एका दिवसात थकलेली नसते. ते थकणे कोणी पाहिलेले नसते.

रोजचा एक फोटो इथे ख्यालीखुशालीचे काम करू शकतो. ‘आई, रोज सकाळी एक फोटो पाठव’ एवढीच मागणी करायची. ती चेहऱ्याचाच पाठवेल असे नाही. दारातली जास्वंद पाठवेल, चुलीवरचे पाणी पाठवेल, रातांबे वाळत घातलेले अंगण पाठवेल. पण एखाद्या सकाळी फोटो आलाच नाही, तर शेजारच्या काकूंना फोन करायचे कारण मिळते. व्हिडीओ कॉल हा चांगलाच, पण तो बंद केला की संपतो. फोटो मागे उरतो.

दुसरी बाजू घरातल्या स्त्रियांची. घरातले फोटो पाहिले तर आई फार कमी फोटोंत असते. पंगतीच्या फोटोत ती वाढत असते, सहलीच्या फोटोत ती पिशव्या सांभाळत चौकटीबाहेर असते किंवा फोटो तीच काढत असते. कोणी कॅमेरा रोखलाच, तर ‘थांब, साडी बदलते’ म्हणून आत जाते. स्वतःच्या हाताने, कोणी बघत नसताना, आहे त्या गाउनवर किंवा नऊवारीत रोज एक फोटो काढायची सवय तिला लागली, तर घराच्या अल्बममधली ही मोठी रिकामी जागा भरून निघेल.

वर्षभरात फोटोंत काय काय येईल?

कोकणातले वर्ष तसे फोटोंसाठीच बनलेले आहे, फक्त आपण ते पर्यटकांच्या नजरेने टिपतो. थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, आरे-वारे, गणपतीपुळे यांचे फोटो ढिगाने आहेत. त्याच गावात राहणाऱ्या माणसाचे वर्ष वेगळे असते.

जानेवारीत मोहोराकडे पाहत मान वर केलेली. मार्चमध्ये पालखी नाचवून गुलालाने माखलेला चेहरा. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेटीत पेंढा भरणारे हात. मे महिन्याच्या अखेरीस आगोटीची धावपळ, लाकडे भरून काळवंडलेले तळवे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा मिरकरवाड्यात जाळी विणत बसलेला तांडेल. जुलैत आठवडाभर न वाळलेला शर्ट. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या ताज्या मासळीच्या वासाने खुललेली मुद्रा. गणपतीत माणसांनी भरलेली पडवी आणि विसर्जनानंतर दोन दिवसांनी तीच पडवी, तिच्यात एकटे आपण. या शेवटच्या फोटोला लाइक मिळणार नाहीत. वीस वर्षांनी मात्र तोच पुन्हा पुन्हा उघडला जाईल.

फोटो काढल्याने आठवण पक्की होते की पुसते?

दोन्ही होऊ शकते. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना संग्रहालयात फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. लक्षात ठेवण्याचे काम जणू कॅमेऱ्यावर सोपवून मन मोकळे झाले होते. मात्र वस्तूचा एखादा तपशील जवळून, झूम करून टिपला, तेव्हा आठवण तशी कमी झाली नाही.

यातला धडा उपयोगी आहे. धडाधड पन्नास फोटो काढणे म्हणजे न पाहणे. दिवसाला एकच काढायचा असेल, तर तो कशाचा काढायचा याचा विचार करावा लागतो आणि त्यासाठी दिवसाकडे बघावे लागते.

लँकेस्टर विद्यापीठाच्या लिझ ब्रूस्टर आणि शेफिल्ड विद्यापीठाचे अँड्र्यू कॉक्स यांनी २०१८ मध्ये रोज एक फोटो काढणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यास लहान होता, पण निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे. या सवयीमुळे लोक घराबाहेर पडत होते, कामाच्या रगाड्यात क्षणभर थांबत होते, इतरांशी बोलत होते आणि जुने फोटो चाळून स्वतःला सावरत होते. अर्थात हा औषधोपचार नाही. मन सतत खिन्न असेल तर डॉक्टरांकडेच जायला हवे.

फोटोत आपण ‘असे’ का दिसतो?

सुरुवातीच्या आठवड्यातच अनेक जण हा उपक्रम सोडतात. कारण एकच, स्वतःचा चेहरा आवडत नाही. त्यामागे थोडे विज्ञान आहे.

आपण स्वतःला आयुष्यभर आरशात पाहतो, म्हणजे उलटे पाहतो. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचे आरशातल्यासारखे छायाचित्र जास्त आवडले, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ छायाचित्र आवडले. ज्याची सवय, ते बरे वाटते. फोटोतला भांग ‘चुकीच्या’ बाजूला दिसतो तो यामुळेच.

दुसरे कारण अंतराचे. हात लांब करून घेतलेल्या फोटोत कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो, त्यामुळे पुढे असलेले नाक मोठे दिसते. अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१८ मध्ये केलेल्या गणितानुसार, पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते. तेव्हा दोष नाकाचा नाही. फोन खिडकीत किंवा फडताळावर टेकवून, टायमर लावून चार-पाच फुटांवर उभे राहिले, की चेहरा पूर्ववत होतो.

सुरुवात कशी करायची?

महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. फोन आणि पुढील काही गोष्टी पुरेशा आहेत.

• वेळ ठरवा : रोजच्या एखाद्या कामाला फोटो जोडा. सकाळचा चहा, देवपूजेनंतर किंवा दुकानाचे शटर उघडताना. फोनमध्ये गजर लावा.

• जागा ठरवा : दाराजवळ किंवा खिडकीशी, जिथे बाहेरचा उजेड चेहऱ्यावर येतो. पावसाळ्यात रत्नागिरीत दिवसाही अंधारून येते, तेव्हा पडवीची कड उत्तम.

• एकच काढा : जास्तीत जास्त दोन. फिल्टर नको.

• एक ओळ लिहा : तारीख आणि त्या दिवसाचे एक वाक्य. ‘भाट्याच्या पुलावर सायकल पंक्चर’ एवढेही चालेल. टाइप करायचा कंटाळा असेल तर मराठीत बोलून लिहिण्याची सोय फोनमध्ये आहे. चेहरा ओळखू येईल, पण त्या दिवशी काय झाले होते ते ओळीशिवाय आठवणार नाही.

• वेगळा अल्बम करा : एक फोटो सरासरी ३ एमबीचा धरला, तर वर्षाचे जेमतेम १.१ जीबी होतात. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. मोफत मिळणारे १५ जीबी मेल आणि इतर फायलींनाही पुरवायचे असतात. म्हणून सहा महिन्यांनी एकदा पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर प्रत काढून ठेवा.

• थोडे छापा : दर महिन्याचा एक, असे वर्षाला बारा फोटो स्टुडिओतून छापून घ्या. फोन हरवतो, पासवर्ड विसरतो, अल्बम कपाटात राहतो. कोकणच्या दमट हवेत फोटो एकमेकांना चिकटतात आणि बुरशी धरतात, तेव्हा ते सुट्या कागदांत घालून हवाबंद डब्यात ठेवा.

• वर्षाने व्हिडीओ करा : सेकंदाला १२ फोटो या गतीने ३६५ दिवस सुमारे अर्ध्या मिनिटात पाहता येतात. प्रत्येक फोटोत डोळे एकाच उंचीवर आले, तर व्हिडीओ नीट दिसतो.

कोणती काळजी घ्यावी?

पहिली काळजी जिवाची. फोटोसाठी धोका पत्करू नका. पावसाळ्यात खडकांवर, बंधाऱ्यांवर, खवळलेल्या समुद्राकडे पाठ करून उभे राहणे जिवावर बेतते. सेल्फी काढताना झालेल्या मृत्यूनंतर २०१६ मध्ये मुंबई पोलिसांना शहरातली काही ठिकाणे सेल्फीसाठी मनाई क्षेत्र म्हणून निश्चित करावी लागली होती. रोजच्या फोटोसाठी तर समुद्राची गरजच नाही, स्वयंपाकघर पुरते.

दुसरी काळजी खासगीपणाची. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून फोटो जाहीरपणे टाकणे म्हणजे आपला दिनक्रम अनोळखी माणसांना सांगणे. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंदही असू शकते, ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद करता येते. चेहऱ्याचे शेकडो फोटो उघड्यावर ठेवले, तर बनावट व्हिडीओ करणाऱ्यांचे काम सोपे होते. देशात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला असला, तरी एकदा बाहेर गेलेला फोटो परत आणणे कठीणच. लहान मुलांचे रोजचे फोटो तर घरापुरतेच ठेवावेत. आणि चौकटीत दुसरे कोणी येत असेल, तर त्याला विचारावे.

मध्येच खंड पडला तर?

पडतोच. वर सांगितलेल्या कार्ल बेडन यांचाही १५ ऑक्टोबर १९९१ चा फोटो राहून गेला. कारण विसर पडला, इतकेच. तेहचिंग शिये यांनी तर आपले चुकलेले १३३ तास लपवले नाहीत. झोपेमुळे किती, उशिरामुळे किती, वेळेआधी किती याचा हिशेब मांडून ठेवला. चुकलेला दिवस भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दोन फोटो काढू नयेत. जागा रिकामी ठेवावी. त्या दिवशी आपण इतके गुंतलो होतो, की स्वतःकडे पाहायला वेळ नव्हता, हीसुद्धा नोंदच आहे.

आणि वर्षभर झेपत नसेल, तर एक महिना करून पाहावा. आज आईला, आजीला फोन दाखवून समोरचा कॅमेरा कसा उघडायचा ते शिकवावे. पहिल्या फोटोत अंगठा येईल, दुसऱ्यात निम्मे कपाळ कापले जाईल. ते फोटो पुसू नयेत. पुढे कधी तरी घरात तसबिरीसाठी शोधाशोध सुरू होईल, तेव्हा लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढावा लागणार नाही. डोळ्यांवर चष्मा, कपाळावर घाम, हातात नारळाची कवड आणि फोन नीट धरता येत नाही म्हणून आलेले हसू, अशी ती घरातल्यांना आठवते तशीच समोर असेल.